भंगारातील इतिहास : जुन्या स्थानकांवर सापडणारे रेल्वेचे अवशेष



पतियाळा शहरातील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात, निकामी अवजारांच्या गर्दीत, एक विलक्षण इंजीन वर्षानुवर्षे गंजत पडलेले होते. त्याच्या पोटाखालची चाके दोहोंऐवजी एकाच रांगेत होती. प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी कडा होत्या आणि इंजिनाच्या एका अंगाला एक मोठे चाक वेगळेच बाहेर आलेले होते. पतियाळा संस्थानाने १९०७ साली सुरू केलेल्या एकरुळी रेल्वेचे हे इंजीन होय. रस्त्याच्या कडेने एकच रूळ टाकलेला असे. गाडीचा बहुतेक सर्व भार त्या रुळावर पडे आणि तोल सांभाळण्यापुरते ते मोठे चाक रस्त्यावरून चाले. संस्थानाच्या लष्कराकडे खेचरे विपुल होती. त्यांना काम मिळावे हाही या योजनेमागे एक हेतू होता. शिवाय बर्लिनच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या कारखान्यातून चार इंजिने आणविण्यात आली होती. पुढे मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि १९२७ साली ही रेल्वे बंद पडली. रूळ उखडले गेले, डबे मोडले आणि लोकांच्या स्मरणातूनही ती नाहीशी झाली. १९६२ साली मायकेल सॅटो या रेल्वेच्या इतिहासाची गोडी असलेल्या इंग्रज गृहस्थांच्या दृष्टीस हे इंजीन पडले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात त्याची दुरुस्ती करण्यात आली आणि १९७७ साली दिल्लीत उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात त्याला सन्मानाची जागा मिळाली.

हे इंजीन कोणी भूमीतून खणून काढलेले नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ते एका सरकारी आवारात उघड्यावर उभे होते. त्याच्या जवळून कारकून, मुकादम, पहारेकरी दररोज जात-येत असतील. भंगाराच्या यादीत त्याचे वजनही लिहिलेले असेल. उणीव होती ती फक्त ‘हे काय आहे’ असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची. रेल्वेच्या विस्मृत अवशेषांची कथा बहुतेक ठिकाणी अशीच आहे. ते दडलेले नसतात. दुसऱ्याच कामाला जुंपलेले असतात, दुसऱ्याच नावाने ओळखले जातात आणि एखाद्या लिलावाच्या दिवशी मुकाट्याने निघून जातात.

महाराष्ट्र ही भारतातील प्रवासी रेल्वेची जन्मभूमी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीला चौदा डबे होते, चारशे निमंत्रित होते आणि ती ओढण्यास साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने होती, हे शाळेतील मुलेही जाणतात. इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झालेल्या त्या इंजिनांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. ज्या दिवसाचा सोहळा एकवीस तोफांच्या सलामीने साजरा झाला, त्या दिवसाचे साहित्य जपून ठेवावे असे त्या काळी कोणास वाटले नाही. जे उरले ते जपल्यामुळे क्वचितच उरले. पुष्कळसे उरले ते पुन्हा उपयोगात आणल्यामुळे.

याचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे रूळ. रूळ झिजला की तो मार्गावरून काढला जातो. परंतु लोखंड म्हणून तो आणखी शंभर वर्षे टिकतो. म्हणून जुन्या स्थानकांत रूळ कुंपणाचा खांब होतो, फाटकाची चौकट होतो, मालधक्क्याच्या छपराचा आधार होतो. हातभर लांबीचा तुकडा टांगून ठेवला की तो स्थानकाची घंटा होतो, आणि शाळेलाही घंटा म्हणून तो चालतो. असा खांब दिसल्यास त्याचा छेद पाहावा. अगदी आरंभीच्या काळातील पुष्कळ रुळांना वर आणि खाली सारखेच डोके असे. वरचे डोके झिजले की रूळ उलटा करून दुसऱ्या डोक्यावरून गाड्या चालवाव्यात, असा त्यामागे काटकसरीचा विचार होता. प्रत्यक्षात रूळ ज्या लोखंडी बैठकीत बसविलेला असे तिच्या दाबाने खालच्या डोक्यालाही खळगे पडत आणि उलटलेल्या रुळावरून गाडी खडखडत जाई. काटकसर कागदावरच राहिली. पुढे सपाट तळाचा, आज सर्वत्र दिसणारा रूळ रूढ झाला. तेव्हा कुंपणात उभा असलेला दुडोकी रूळ हा एका फसलेल्या युक्तीचा साक्षीदार असतो.

रुळाच्या कमरेवर, म्हणजे डोके व तळ यांच्यामधल्या उभ्या भागावर, बहुधा उठावाची अक्षरे असतात. कारखान्याचे नाव, वर्ष, दर वाराला असलेले वजन आणि ज्या रेल्वे कंपनीसाठी रूळ तयार केला तिची आद्याक्षरे त्यांत आढळतात. ही आद्याक्षरे ओळखता आली की अर्धा इतिहास हाती लागतो. जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया, बी.एन. म्हणजे बंगाल नागपूर, एस.एम. म्हणजे मिरज व त्याखालील मुलखात चालणारी सदर्न मराठा, आणि बी.एल. म्हणजे बार्शी लाइट. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या आणि जी.आय.पी. व बी.बी.सी.आय. ही नावे व्यवहारातून गेली. म्हणून ज्या तिजोरीवर, कंदिलावर, बाकावर वा तराजूवर ही अक्षरे कोरलेली असतील ती वस्तू त्या तारखेच्या आधीची, असे प्राथमिक अनुमान करण्यास हरकत नाही. मुंबईच्या सँडहर्स्ट रोड स्थानकाच्या वरच्या मजल्यावरील लोखंडी खांबांवर जी.आय.पी.आर., १९२१ हे वर्ष आणि ग्लासगो या गावाचे नाव ओतीव अक्षरांत आहे. दररोज हजारो माणसे त्या खांबांना टेकून गाडीची वाट पाहतात. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशी अक्षरे बुजविण्याचे काम गंजापेक्षा रंग अधिक करतो. वरिष्ठांची तपासणी ठरली की खांबांवर रंगाचा नवा हात फिरतो. असे पन्नास थर चढले की ग्लासगोही दिसत नाही आणि सालही दिसत नाही.

रुळांखालचे साहित्यही असेच बोलके असते. या देशातील वाळवीपुढे लाकडी स्लीपर टिकेनात. तेव्हा बिडाचे, उलट्या पातेल्याच्या आकाराचे स्लीपर वापरात आले. दोन रुळांखाली दोन पातेली आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी पट्टी, अशी ही रचना असे. ज्यांनी ती मार्गावर पाहिलेली नाहीत त्यांना जुन्या आवारातील हे उलटे भांडे कशाचे, हे कळणे कठीण. त्यात झाडे लावता येतात एवढेच ध्यानात येते.

वस्तू लहान असो वा मोठी, तिचे मोल ओळखले गेले म्हणजे काय घडते हे भायखळ्याच्या स्थानकाने दाखवून दिले आहे. पहिल्या गाडीच्या काळात तेथे लाकडी बांधकाम होते. सध्याची दगडी इमारत १८५७ सालची. कालांतराने तिच्या अंगावर छपरे, पत्रे, तारा, फलक यांची दाटी झाली आणि मूळ वास्तू जवळजवळ झाकली गेली. गाड्यांची ये-जा चालू ठेवून, लोकवर्गणी व विश्वस्त संस्थांच्या साह्याने तिचे जतन करण्यात आले. २०२२ साली ते काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील वारसा-जतन पुरस्कार तिला लाभला. आगळे काही बांधण्याऐवजी नको ते काढून टाकण्यावर तेथे भर होता. सर्वच ठिकाणी एवढा खर्च शक्य नाही हे खरे. परंतु नको ते काढण्यास पुष्कळदा थोडासाच खर्च लागतो.

सह्याद्रीतील अवशेष मात्र वेगळ्या प्रकारचे आहेत. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते या मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे आणि दऱ्यांवरचे आठ मोठे पूल असा तो मार्ग होता. खंडाळ्याजवळ चढण एवढी अवघड होती की गाडी सरळ वर नेणे अशक्य ठरले. म्हणून मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी तेथे उलटफेरीचे स्थानक योजले. खालून आलेली गाडी डोंगराच्या कडेला येऊन थांबे, इंजीन सोडवून दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि ज्या तोंडाने गाडी आली त्याच्या उलट तोंडाने ती पुढचा चढ चढू लागे. पाच तपांहून अधिक काळ मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी हा खोळंबा सोसला, आणि दरीचे ते दृश्यही पाहिले. १९२९ साली नव्या बोगद्यांतून सरळ मार्ग काढण्यात आला आणि उलटफेरीचे स्थानक ओस पडले. त्याचे दगडी बांधकाम व बोगद्याची तोंडे खंडाळ्याच्या परिसरात राहून गेली. जवळून जाणाऱ्या महामार्गावरील बहुतेक प्रवाशांना त्यांची दाद नसते.

हे दगड उत्तम घडविलेले आहेत, याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण दगडांवर जे लिहिलेले नाही तेही सांगितले गेले पाहिजे. १८६१ साली या घाटात एका वेळी ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. उन्हाळ्यात पटकीची साथ येई, पावसाळ्यात काम थांबे, दरडी कोसळत, सुरुंग फुटत. किती माणसे मेली याचा एकमताचा हिशेब कोठेही नाही. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याच्या कारकिर्दीत मजुरी थकली आणि १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा उठाव झाला. त्यात एका युरोपीय माणसाचा बळी गेला. सरकारने चौकशी केली. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट आपल्या नावे पुढे चालवून, दोन अभियंत्यांच्या साह्याने काम तडीस नेले. मजुरीच्या तंट्यांच्या झटपट निवाड्यासाठी सरकारने १८६० चा नववा कायदा केला, त्यामागे अशाच कामांवरील गाऱ्हाणी होती. मालक व मजूर यांच्या संबंधांविषयीच्या आपल्याकडील आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक. खंडाळ्याचा ओस पडलेला चौथरा विद्यार्थ्यांना दाखविताना केवळ अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून दाखविला तर निम्मीच गोष्ट सांगितली, असे होईल.

घाट उतरून पठारावर यावे तो अवशेषांची जात पुन्हा बदलते. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी या जंक्शनाचे रेल्वेतील पहिले नाव बार्शी रोड असे होते. मुख्य लोहमार्गाने बार्शीला वगळले आणि कापसाची ती मोठी पेठ एकवीस मैल बाजूला राहिली. जी.आय.पी. रेल्वेत नोकरी केलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता या उणिवेचा विचार करीत राहिला. रूळ हलके आणि स्वस्त वापरावयाचे, पण इंजीन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे त्याचे सूत्र होते. भार सारखा वाटला गेला की हलका रूळही भारी माल पेलतो. अडीच फूट रुंदीच्या या मार्गाचे साहित्य १८९६ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे प्रायोगिक रूळ टाकून तपासण्यात आले आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. दोनशे मैलांचा हा पसारा १९५४ च्या १ जानेवारीस सरकारने ताब्यात घेतला. वारीच्या दिवसांत डबे कमी पडले की मालडब्यांतूनही वारकरी पंढरपुरास जात. एका बाजारपेठेसाठी निघालेली गाडी अशा रीतीने विठ्ठलाच्या कामी आली.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने हा मार्ग रुंद करण्यात आला. ते आवश्यकच होते. लातूरच्या व्यापाऱ्याला वा उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, विद्यार्थ्याला थेट मुंबईची गाडी हवी होती; अरुंद रूळ जपावेत म्हणून त्यांना ताटकळत ठेवणे अन्यायाचे झाले असते. परंतु रुंदीकरण ही अवशेषांच्या दृष्टीने सर्वांत घातक घटका असते. काही ठिकाणी नवा मार्ग जुन्याला सोडून गेला. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हते, ते नव्या मार्गावर आले. जेथे जुनी वाट सुटली तेथे मातीचे भराव, ओढ्यांवरच्या लहान मोऱ्या आणि फलाटांचे चौथरे मागे राहतात. त्यांचे मालक बदलतात, उपयोग बदलतात. भराव शेतात मिसळतो. वीस वर्षांत तेथे गाडी होती हे सांगणारा माणूस उरत नाही. पतियाळ्याला पस्तीस वर्षे लागली, येथे त्याहून कमी काळ पुरेसा आहे.

विदर्भात काही काळ याच्या उलट घडले. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ गाडी मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेल्या इंजिनाने १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढली. दुसरे इंजीन आणण्यास कोणी धजले नाही म्हणून पहिले टिकले. अवशेष राखण्याचे श्रेय कित्येकदा इतिहासप्रेमाला नसते, दारिद्र्याला असते, आणि ते श्रेय फार दिवस पुरत नाही. ती गाडीही पुढे थांबली. नागपुरात मात्र वेळीच विचार झाला. मोतीबाग येथे २००२ च्या डिसेंबरात अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उघडण्यात आले, तेव्हा नागपूरच्या आसपासच्या अरुंद मार्गांवर गाड्या अजून चालत होत्या. नागभीडकडची अरुंद गाडी २०१९ साली बंद झाली, तोपर्यंत तिच्या जातीच्या वस्तूंना घर मिळून सतरा वर्षे झाली होती. वस्तू वापरात असतानाच तिची जागा ठरविणे, हा मोतीबागेचा विशेष.

अवशेष नाहीसे होतात ते कसे, हे सरकारी कचेरीत काम केलेल्यांना वेगळे सांगावयास नको. वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. निरुपयोगी ठरली की तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, समिती पाहणी करते, वजनावर किंमत ठरते, लिलाव होतो. या रीतीत गैर काहीच नाही. किंबहुना तीत हयगय झाली तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. अडचण एवढीच की नोंदवहीत ‘लोखंडी खांब, जुना, नग ४’ यापलीकडे रकाना नसतो. अक्षरे, वर्ष, मूळ जागा यांसाठी शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द लिहिले आणि एक छायाचित्र जोडले, तर समितीपुढे प्रश्न वेगळ्या स्वरूपात जातो. शंभर वर्षांहून जुन्या व गतकाळातील शास्त्र, कला वा कारागिरी दर्शविणाऱ्या वस्तूंना १९७२ च्या पुरावशेष कायद्याची व्याख्या लागू होऊ शकते, हेही अशा वेळी पाहून घ्यावे. उलट, हौसेपोटी स्थानकावरील वस्तू उचलून घरी वा शाळेत नेणे हा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे. ज्या शाळेत रुळाची घंटा आहे तिने ती कोठून आली याची नोंद काढावी. नसल्यास स्थानकाशी पत्रव्यवहार करावा. वस्तू जेथे आहे तेथेच तिची नोंद होणे, हे ती हलविण्यापेक्षा केव्हाही चांगले.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र नोंदही अपुरी पडते. एकेरी मार्गावरील जुन्या स्थानकांत नीलचे गोळायंत्र असे. दोन शेजारच्या स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे. एका स्थानकाने विचारावे, दुसऱ्याने मान्यता द्यावी, तेव्हाच पहिल्या यंत्रातून पोलादाचा एक गोळा बाहेर पडे. त्यावर दोन्ही स्थानकांची खूण कोरलेली असे. तो गोळा चालकाच्या हाती असल्यावाचून त्या टप्प्यात गाडी शिरत नसे, आणि गोळा पुढच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. समोरासमोर टक्कर टाळण्याचा एवढा साधा आणि एवढा पक्का उपाय क्वचितच असेल. न थांबणाऱ्या गाडीच्या चालकाला गोळा द्यावयाचा म्हणजे तो चामडी पिशवीत घालून वेताच्या वा तारेच्या मोठ्या कड्याला अडकविला जाई. खलाशी फलाटाच्या कडेला ते कडे उंच धरून उभा राही. धावत्या इंजिनातून चालकाने किंवा त्याच्या साथीदाराने त्यात हात घालून ते ओढून घ्यावयाचे, आणि मागच्या टप्प्याचे कडे त्याच क्षणी फलाटावर टाकावयाचे. रात्री मशालीच्या उजेडात हे चाले. कड्याचा फटका बसून दंड सुजणे ही नित्याची गोष्ट होती.

बहुतेक ठिकाणी ही यंत्रे आता निघाली आहेत आणि काही संग्रहालयांत काचेआड ठेवलेली आहेत. यंत्र पाहता येते, गोळा हातात घेता येतो. परंतु घंटेचे ठोके किती दिले म्हणजे कोणता निरोप, गोळा अडकला तर मूठ कशी धरावयाची, पावसात कडे निसटू नये म्हणून त्यावर काय गुंडाळीत, हे काचेआड ठेवता येत नाही. ते ठाऊक असलेले सांधेवाले, खलाशी आणि स्थानकप्रमुख निवृत्त होऊन स्थानकांच्याच गावी, पुष्कळदा जुन्या रेल्वे चाळींच्या आसपास, राहतात. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.